बॅटरीवरची निरवानिरव

लाइट गेली की यूपीएसच्या पोटात आधी रिले 'टक्' वाजतो आणि मग तो थांबून थांबून ओरडायला लागतो. दिवसा तो आवाज ऐकून कुणीतरी उठतं, काम सेव्ह करतं, संगणक बंद करतं. रात्री कुलूपबंद खोलीत मात्र ऐकायला कुणी नसतं. बॅटरी असेतोवर तो ओरडतो, मग गप्प होतो, आणि त्याच क्षणी सर्व्हरही.

तालुक्याच्या गावातल्या एका पतसंस्थेत ऐन वैशाखात असंच झालं. तिथला सर्व्हर मीच सांभाळायचो. वळवाच्या पावसानं संध्याकाळी तारा तुटल्या, तेव्हा कार्यालय बंद झालेलं होतं. सकाळी सर्व्हर चालू झाला, पण ठेवींचा डेटाबेस उघडेना. बॅकअप पावसाच्या आदल्या रात्रीचा होता. दिवसभराच्या नोंदी दोघीजणींनी पावत्यांच्या चळतीवरून पुन्हा भरल्या आणि दुपारपर्यंत काउंटर बंद राहिला. औषधासाठी पैसे काढायला आलेल्या एका आजींना दोनदा रिकाम्या हातानं परत जावं लागलं. यूपीएस होता, बॅटरी नवीकोरी होती. त्याची यूएसबी केबल मात्र कपाटावरच्या खोक्यात, प्लास्टिकच्या पिशवीत तशीच पडून होती. ती पिशवी मी त्या दिवशी फोडली.

लहान यूपीएसमध्ये बहुधा 12 व्होल्ट, 7 अँपिअर-अवरची सीलबंद शिशाची बॅटरी असते. गुणाकार केला की 84 वॉट-अवर होतात, म्हणजे 250 वॉट घेणारा सर्व्हर वीस मिनिटं चालायला हवा. तेवढा तो चालत नाही. 7 हा आकडा बॅटरी वीस तास हळूहळू वापरली तर मिळणारा आहे. काही मिनिटांत ओरबाडून घेतली तर निम्म्याच्या आसपासच हाती लागतं, शिवाय डीसीची एसी करताना होणारा तोटा वेगळा. त्यात आपला उन्हाळा. 25 अंशांच्या वर दर 8 ते 10 अंशांना या बॅटरीचं आयुष्य निम्मं होतं, असा ढोबळ नियम आहे. विदर्भातल्या एसी नसलेल्या खोलीत तिचं काय होत असेल, ते सांगायला नको. तर मिळतात ती सात-आठ मिनिटं, आणि ती काम चालू ठेवण्यासाठी वापरायची नसतात. त्या वेळात घर आवरायचं, दिवे मालवायचे, दाराला कडी लावायची.

एका पेटीत एकच सर्व्हर होता तेव्हा हे सोपं होतं. आता व्हर्च्युअलायझेशनमुळे एका पेटीत सहा-आठ यंत्रं राहतात. त्यांना सगळे व्हीएमच म्हणतात. पतसंस्थेच्या पेटीत डेटाबेसचं एक, त्यावर चालणाऱ्या ॲप्लिकेशनचं दुसरं, लॉगिन सांभाळणारं विंडोजचं तिसरं आणि हजेरीचं चौथं. प्रत्येकाला वाटतं की डिस्क आपलीच, मेमरी आपलीच. यजमान पेटीचा प्राण गेला की चौघांचा एकाच क्षणी जातो.

यातलं नुकसान कुठे होतं, ते जवळून बघण्यासारखं आहे. मायएसक्यूएलचं इनोडीबी इंजिन एरवी 16 किलोबाइटच्या पानांत डेटा ठेवतं, पण डिस्क लिहिते त्याहून लहान तुकड्यांत, आज बहुधा 4 किलोबाइटच्या. चारांपैकी दोन तुकडे लिहून झाले आणि वीज गेली, तर ते पान अर्धं जुनं, अर्धं नवं राहतं. म्हणून हे इंजिन प्रत्येक पान आधी दुसऱ्या एका जागी लिहून ठेवतं आणि मगच मूळ जागी नेतं. पोस्टग्रेस त्यासाठी पूर्ण पान आपल्या लॉगमध्ये उतरवून घेतं. या सोयी भक्कम आहेत, पण त्या एका गोष्टीवर विसंबून असतात. डिस्कनं 'लिहिलं' असं सांगितलं, तर ते खरोखर लिहिलेलं असलं पाहिजे. व्हीएममध्ये मधे व्हर्च्युअल डिस्कची फाइल असते, यजमानाची मेमरी असते, रेड कार्डाची कॅश असते. यातल्या एकानंही घाई करून 'लिहिलं' म्हटलं की सगळी हमी संपते. व्यवस्थित बंद केलेल्या डेटाबेसवर ही वेळच येत नाही.

मग रात्री बंद कोण करणार? यासाठी जगभर वापरलं जाणारं एक मुक्त सॉफ्टवेअर आहे: नेटवर्क यूपीएस टूल्स, थोडक्यात 'नट'. रसेल क्रोल यांनी 1998 मध्ये त्याची पहिली आवृत्ती काढली, तेव्हा त्याचं नाव 'स्मार्टयूपीएसटूल्स' होतं. पुढे वेगवेगळ्या हातांनी ते वाढवलं, आणि 2022 मध्ये त्याची बोलण्याची पद्धत आरएफसी 9271 या दस्तऐवजात नोंदली गेली. मला त्याची रचना फार आवडते. एक ड्रायव्हर यूपीएसशी त्याच्या भाषेत बोलतो. दुसरा प्रोग्राम ती माहिती 3493 या पोर्टवर मांडून बसतो. तिसरा, यूपीएसमॉन, प्रत्येक सर्व्हरवर राहतो, त्या दुसऱ्याकडे कान लावतो आणि वेळ आली की निर्णय घेतो. अट एवढीच की यूपीएसला बोलता आलं पाहिजे. बाजारातल्या कित्येक स्वस्त यूपीएसना यूएसबीचं पोर्टच नसतं. सर्व्हरसाठी असला यूपीएस पैसे वाचवायला घेऊ नये, हे मी प्रत्येकाला हात जोडून सांगतो.

बोलणं अगदी मोजक्या अक्षरांचं. 'ओएल' म्हणजे लाइट आहे, 'ओबी' म्हणजे बॅटरीवर आहे, 'एलबी' म्हणजे बॅटरी तळाला गेली. नट मुळात ओबी आणि एलबी एकत्र दिसेपर्यंत थांबतं. एकट्या सर्व्हरला ते चालून जातं. चार व्हीएमच्या घराला तळाशी उरलेली बॅटरी पुरत नाही. म्हणून आम्ही वेगळी घड्याळं लावली. लाइट गेल्यावर दोन मिनिटं वाट बघायची. तेवढ्यात लाइट आली किंवा जनरेटर लागला तर घड्याळ रद्द. नाही आली तर यूपीएसमॉन 'एफएसडी' जाहीर करतो, म्हणजे सक्तीचं शटडाउन. या खुणेनंतर माघार नाही. तिसऱ्या मिनिटाला लाइट आली तरी बंद होणं थांबत नाही, आणि ते बरोबरच आहे. अर्धी यंत्रं बंद झाल्यावर थांबवलं तर उरलेली अर्धी कोणत्या स्थितीत आहेत, हे कुणालाच कळणार नाही.

एफएसडीनंतर, यूपीएसची केबल ज्याला लावलेली असते तो प्रायमरी सर्व्हर बाकीच्यांसाठी, म्हणजे सेकंडरींसाठी थांबतो. हा थांबा मुळात 15 सेकंदांचा असतो. सेकंडरी निरोप घेतो तो बंद व्हायला सुरुवात करताना, बंद झाल्यावर नाही. ही बारीक गोष्ट ज्याच्या लक्षात येत नाही, त्याचा डेटा एकदा तरी जातो. व्हीएमच्या डिस्का ज्या स्टोरेजवर आहेत ते स्टोरेज यजमानाच्या आधी झोपलं, तर व्हीएमना लिहायला जागाच उरत नाही. म्हणून ते शेवटी बंद व्हायला हवं. निरोप पोचवणारा नेटवर्क स्विचही यूपीएसवरच हवा. तो भिंतीतल्या सॉकेटवर असेल तर लाइट जाताच सगळे बहिरे होतात.

शेवटच्या टप्प्याला मी दाद देतो. प्रायमरी बंद होण्याआधी डिस्कवर 'किलपॉवर' नावाची एक छोटी फाइल ठेवतो. सगळं थांबल्यावर, अगदी अखेरच्या क्षणी, ती फाइल दिसली तर यूपीएसलाच हुकूम जातो: काही सेकंदांनी तूही आउटपुट बंद कर. यूएसबी यूपीएसच्या नेहमीच्या ड्रायव्हरमध्ये हे 20 सेकंद असतात. चालू बॅटरी आपल्या हातानं का तोडायची? समजा, सर्व्हर बंद झाला आणि लगेच लाइट आली. यूपीएसचं आउटपुट चालूच राहिलं, तर सर्व्हरच्या दृष्टीनं वीज कधी गेलीच नाही. मग तो बंदच बसून राहतो, सकाळी कुणी येऊन बटण दाबेपर्यंत. आउटपुट एकदा तुटून परत आलं, तरच त्याला उठायचं कारण मिळतं. त्यासाठी बायोसमधली सेटिंगही 'पॉवर ऑन' हवी. 'लास्ट स्टेट' ठेवली तर तो प्रामाणिकपणे आठवतो की मी शेवटी बंद होतो, आणि तसाच राहतो.

पतसंस्थेत यजमान म्हणून प्रॉक्समॉक्स होतं. ते डेबियनवर उभं असल्यामुळे नट थेट यजमानावरच बसलं. एखाद्या व्हीएममध्ये नट बसवून यूएसबी तिकडे वळवायचा मोह होतो, पण यजमान बंद व्हायला लागला की तो निरोप्याच आधी जातो. प्रॉक्समॉक्समध्ये प्रत्येक व्हीएमला क्रमांक देता येतो. ज्याचा क्रमांक आधी, ते आधी उठतं आणि शेवटी झोपतं. म्हणून विंडोजच्या लॉगिनला 1, डेटाबेसला 2, ॲप्लिकेशनला 3. हजेरीला क्रमांकच दिला नाही, म्हणजे झोपताना पहिला मान तिचा. प्रत्येक व्हीएमला मुळात 180 सेकंद मिळतात. तेवढ्यात ते बंद झालं नाही तर यजमान सक्तीनं बंद करतो.

पहिल्या चाचणीत तीच वेळ आली. काउंटर बंद झाल्यावर, त्या दिवसाचा बॅकअप हातात घेऊन आम्ही यूपीएसच्या सॉकेटचं बटण बंद केलं. पिन ओढून काढली नाही, कारण तसं केलं की अर्थिंगही तुटतं. हजेरी, ॲप्लिकेशन, डेटाबेस हे सगळे शहाण्यासारखे झोपले. विंडोज मात्र राहून गेलेले अपडेट बसवत बसलं आणि तीन मिनिटं संपल्यावर यजमानानं ते तोडलं. त्या आठवड्यात आम्ही अपडेटसाठी रविवार ठरवला, व्हीएमच्या आत गेस्ट एजंट बसवला आणि कुणाचंही काम अडलेलं नाही ना, ते एकेक करून बघितलं.

दुसऱ्या चाचणीची नोंद कपाटातल्या वहीत आहे, ज्या दोघींनी नोंदी पुन्हा भरल्या होत्या त्यांच्यातल्याच एकीच्या अक्षरात. लाइट घालवली 6.10. घड्याळ संपलं 6.12. हजेरी बंद, ॲप्लिकेशन बंद, डेटाबेस बंद 6.13. विंडोज बंद 6.14. यूपीएस गप्प 6.15. मग आम्ही पाच मिनिटं अंधारात नुसते उभे राहिलो आणि 6.20 ला बटण चालू केलं. पंखे फिरले, दिवे लागले, यंत्रं आपल्या क्रमानं एकेक उठली. तिनं काउंटरवरच्या संगणकावर ठेवींचं पान उघडलं, त्या दिवसाची शेवटची पावती हातात घेतली, खात्यातली रक्कम बोट ठेवून वाचली, आणि वहीत 6.27 समोर लिहिलं: जुळलं.