पाहणारा आणि विश्व

अंधेरी वा घाटकोपर स्थानकावर सायंकाळीं उतरणाऱ्या कोणालाहि विचारावें, लोकल गाड्या कशा असतात? ‘ठासून भरलेल्या,’ हेंच उत्तर बहुधा मिळेल. तें खोटें नाहीं. परंतु त्यावरून साऱ्याच गाड्यांचें अनुमान काढणें चुकीचें होय. समजा, एका गाडींत २००० उतारू आहेत व दुसरींत १००. दोहोंपैकीं एक गाडी मोकळी असूनहि २१०० उतारूंपैकीं २००० जण गर्दीचीच साक्ष देतील. कारण गर्दी जेथें, तेथेंच साक्षीदार अधिक.

हाच न्याय विश्वालाहि लागूं पडतो. विश्वाचें वय सुमारें १३८० कोटी वर्षें आहे. तें इतकें मोठें कां, याचें एक उत्तर रॉबर्ट डिक यांनीं १९६१ सालीं दिलें. देह घडण्यास कार्बन लागतो. तो ताऱ्यांच्या पोटांत तयार होतो आणि त्यांच्या अंतकाळीं बाहेर पडतो. बाल्यावस्थेंतील विश्वांत त्याचें वय मोजणारा कोणी असणेंच शक्य नव्हतें. १९७३ सालीं क्राकौ येथें, कोपर्निकसच्या पांचशेंव्या जयंतीनिमित्त भरलेल्या परिषदेंत, ब्रँडन कार्टर यांनीं या विचाराला तत्त्वाचें रूप दिलें. मनुष्य विश्वाच्या मध्यावर नाहीं हें खरें. तथापि जेथें जगतां येतें तेथेंच तो असतो, हेंहि तितकेंच खरें.

विश्व सांत असेल तर साक्षीदारांची मोजदाद करतां येते. खरी अडचण अनंत विश्वांत आहे. कोल्हापुरांत जन्मलेले जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांनीं फ्रेड हॉइल यांच्यासमवेत ज्या स्थिर-स्थिति विश्वाचा पुरस्कार केला, तें अनादि व अनंत होतें. १९६५ सालीं पेंझियस व विल्सन यांचा शोध प्रसिद्ध झाला: आकाशाच्या सर्व दिशांनीं निरपेक्ष शून्याहून सुमारें ३ अंश उष्ण असें प्रारण येत आहे. बहुतेक शास्त्रज्ञांनीं तेव्हां स्थिर-स्थितीचें मत सोडलें. नारळीकरांनीं पर्यायांचा शोध सोडला नाहीं.

परंतु द्रव्य सर्वत्र पसरलेल्या अनंत विश्वांत कोणा तरी पाहणाऱ्याला, केवळ योगायोगानें, ३ ऐवजीं १० अंशहि आढळतील. मग ‘असें कोणाला तरी दिसतें’ एवढ्यानें कोणतीच उपपत्ति पारखतां येणार नाहीं. बहुसंख्य पाहणाऱ्यांना काय दिसेल, असेंच विचारावें लागतें.

आणि अनंतांत ‘बहुसंख्य’ म्हणजे काय? भरलेल्या व मोकळ्या अशा अनंत गाड्या एकाआड एक उभ्या केल्या, तर निम्म्या मोकळ्या दिसतात. त्याच गाड्या दोन भरलेल्यांमागें एक मोकळी या क्रमानें लावल्या, तर तिसरा हिस्सा! गाड्या त्याच, क्रम निराळा, उत्तरहि निराळें. मोजण्याचा सर्वमान्य नियम अद्यापि सांपडलेला नाहीं. आणि तो सांपडेपर्यंत अनंत विश्वाच्या उपपत्तींना अनुभवाची कसोटी पूर्णपणें लावतां येणार नाहीं.