प्राणहितेत नाव केव्हा घालावी?

उन्हाळ्याची सुट्टी आणि नौकाविहार यांची सांगड कोकणात बसते. तिथल्या खडकाळ किनाऱ्यालगत वारा आणि भरती-ओहोटी सांभाळली की निभावते, आणि भरतीची वेळ तर गणिताने आधीच काढता येते. प्राणहितेकाठच्या सिरोंच्याला हा हिशेब चालत नाही. वर्धा आणि वैनगंगेच्या संगमातून निघणारी प्राणहिता पावसावर जगते. हिमालयातल्या नद्यांना उन्हाळ्यात मिळते तसे वितळलेल्या बर्फाचे पाणी तिला मिळत नाही. मे महिन्यात पात्रात वाळूचे पट्टे आणि खडक उघडे पडतात, तर पावसाळ्यात हीच नदी गावांचे रस्ते तोडते.

इंग्रजांनी या खडकांशी झुंज देऊन पाहिली. ब्रिटिश अभियंते आर्थर कॉटन यांना मध्य भारतातला कापूस गोदावरीमार्गे पूर्व किनाऱ्यावर न्यायचा होता. वाटेतल्या तीन मोठ्या खडकाळ अडथळ्यांपैकी एक प्राणहितेतच, देवलमरीजवळ होता. बंधाऱ्यांवर आणि कालव्यांवर पैसा ओतूनही १८७१ मध्ये काम थांबले. तोवर कापसाला दुसरी वाटही मिळाली होती: नागपूरला रेल्वे १८६७ मध्येच पोहोचली होती. आता खाली गोदावरीवर मेडीगड्डा बंधारा आहे, मग प्राणहितेत पाणी का नसेल, असे कोणी विचारेल. पण २०१९ मध्ये सुरू झालेल्या त्या बंधाऱ्याचे खांब ऑक्टोबर २०२३ मध्ये खचले आणि अडवलेले पाणी सोडून द्यावे लागले. त्याच्या भरवशावर सहल आखणे मला धोक्याचे वाटते.

तेव्हा बेत पूर ओसरल्यावर, नोव्हेंबरच्या सुमारास करा, पात्र जाणणारा स्थानिक नावाडी सोबत घ्या आणि लाइफ जॅकेटशिवाय नावेत पाय ठेवू नका.