तुमचा खलनायक सकाळी उठून काय करतो?

नकाशा काढून झालाय. डोंगर, नद्या, सात राज्यं, त्यांची निशाणं, अगदी तिथले लोक एकमेकांना शिव्या कोणत्या देतात तेही ठरलंय. नायक आहे, त्याची तलवार आहे, तलवारीला नावसुद्धा आहे. आणि काळ्या किल्ल्यात एक जण बसलाय, ज्याला सगळं जग ताब्यात घ्यायचंय. का घ्यायचंय? बहुतेकांची वही इथेच अडते.

फँटसी लिहीत असाल तर स्वतःला एक साधा प्रश्न विचारून बघा. समजा, त्याला जग मिळालं. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून तो काय करणार? कुणाला भेटायला जाणार, कोणता कायदा रद्द करणार, कुणाच्या थडग्यावर फूल ठेवणार? उत्तर सापडत नसेल तर तुमच्याकडे खलनायक नाही, नुसता काळा झगा आहे.

मग यावर सोपा इलाज म्हणून फ्लॅशबॅक येतो. लहानपणी आई गेली, गावाने हाकललं, म्हणून आता हा शहरं जाळतो. हे वाचून कीव येते, पण पेच पडत नाही. ‘ग्रे’ पात्र म्हणजे दुःखी पात्र नव्हे. (आणि लेदर जॅकेट घालून तिरकं हसणारं तर मुळीच नव्हे.) त्याने जे केलं ते त्याच्या जागी आपणही केलं असतं, असं वाचकाला क्षणभर वाटलं पाहिजे आणि मग स्वतःचीच भीती वाटली पाहिजे.

जॉर्ज आर. आर. मार्टिनचा जेमी लॅनिस्टर आठवा. १९९६ मध्ये आलेल्या पहिल्या पुस्तकात तो एका लहान मुलाला खिडकीतून ढकलून देतो, कारण त्या पोराने जे पाहिलंय ते बाहेर फुटलं तर जेमी, त्याची बहीण आणि तिची मुलं, सगळ्यांचा जीव जाईल. तिसऱ्या पुस्तकात कळतं, की ज्या राजहत्येसाठी जग त्याच्यावर थुंकतं, ती त्याने अख्खं शहर जळण्यापासून वाचवायला केली होती. गंमत अशी, की मार्टिन पहिलं पाप पुसत नाही. त्या पोराचे पाय परत येत नाहीत. आपण दोन्ही गोष्टी एकदम हातात धरून बसतो, आणि दोन्ही जड असतात.

पण त्यासाठी वेस्टेरॉसपर्यंत जायची गरज नाही. आपल्याकडे खांडववन आहे. शाळेत ही गोष्ट दोन ओळींत उरकतात: अग्नीला भूक लागली, कृष्ण-अर्जुनांनी त्याला वन खायला दिलं, अर्जुनाला गांडीव मिळालं. आता तीच गोष्ट जंगलाच्या आतून बघा. बाहेर पळणारा प्रत्येक प्राणी मारला जातोय. तक्षक नाग त्या वेळी घरी नाही. त्याची बायको पोराला, अश्वसेनाला, वाचवायला त्याला गिळते आणि आकाशात झेपावते. अर्जुन तिचं डोकं उडवतो. पोरगा निसटतो.

इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये या जळिताकडे वस्तीसाठी जमीन मोकळी करण्याचा प्रकार म्हणून पाहिलं. म्हणजे एका बाजूला नवं राज्य उभं करणारे, ज्यांना स्वतःलाच हक्काच्या घरातून बाहेर काढलेलं आहे. दुसऱ्या बाजूला, ज्यांचं घर त्या राज्याच्या आड येतंय ते. यातला खलनायक कोण? मला अजून ठरवता आलेलं नाही, आणि म्हणूनच हा प्रसंग मला कुरुक्षेत्रापेक्षा मोठा वाटतो.

शिवाय पुढे काय होतं बघा. आगीतून जीवदान मिळालेला मय जी सभा बांधतो, तिथेच दुर्योधनाचं हसं होतं. अश्वसेन मोठा होऊन कर्णाच्या बाणात शिरतो; कृष्ण रथ खाली दाबतो, नेम चुकतो, अर्जुनाचा फक्त किरीट जातो. नाग परत येऊन म्हणतो, पुन्हा सोड. कर्ण नाही म्हणतो, दुसऱ्याच्या बळावर त्याला जिंकायचं नसतं. हा मोठेपणा की अहंकार? दोन्ही म्हणा. मग तक्षक अर्जुनाच्या नातवाला, परीक्षिताला डसतो. परीक्षिताचा मुलगा जनमेजय सर्पसत्र मांडतो. ते थांबवतो आस्तिक, ज्याची आई नागकन्या आणि बाप ऋषी. एका आगीतून चार पिढ्यांचा संघर्ष निघतो आणि प्रत्येकाकडे आधीच्या माणसाने दिलेलं खरंखुरं कारण आहे. ‘जग ताब्यात घ्यायचंय’ असं यात कुणीच म्हणत नाही.

तुमच्या कथेतला संघर्ष असाच उभा राहतो. चांगलं विरुद्ध वाईट मांडण्याऐवजी एकच गोष्ट दोघांना हवी असू द्या, आणि दोघांचाही त्यावर हक्क असू द्या. मियाझाकीच्या ‘प्रिन्सेस मोनोनोके’मध्ये एबोशी जंगल तोडते, देवांवर बंदूक रोखते. तीच बाई कुंटणखान्यातून सोडवलेल्या मुलींना आणि कुष्ठरोग्यांना काम आणि छप्पर देते. लोखंड वितळलं नाही तर त्या मुली जाणार कुठे? याला कथेतही सोपं उत्तर नाही.

आपल्या मातीत तर असं बी पडलेलंच आहे. १९२१ मध्ये मुळशीत सत्याग्रह झाला. मुंबईला वीज हवी, त्यासाठी धरण हवं, आणि धरणासाठी मावळ्यांची भातशेती पाण्याखाली जाणार. आता विजेच्या जागी जादू घाला. तुमच्या नगरीतले दवाखाने ज्या मंत्रजलावर चालतात, ते साठवायचं तर वरच्या खोऱ्यातली गावं बुडवावी लागतात. तुमची नायिका वैद्य आहे आणि तिचा मित्र वरच्या गावचा. बघा, काळ्या किल्ल्याची आठवण तरी येते का!

फक्त एक सांभाळा. ‘सगळेच थोडे वाईट’ असं दाखवून मोकळं व्हायचा मोह होतो, आणि मग कुणाचंच काही वाटेनासं होतं. कारण समजलं म्हणजे माफी झाली असं नाही. ज्याचं घर जळालं त्याला कादंबरीत बोलायला जागा द्या. अगदी काळाकुट्ट सॉरॉन ठेवलात तरी हरकत नाही. तिथे खरी लढाई फ्रोडोच्या आत आहे, आणि शेवटच्या क्षणी तोही अंगठी टाकायला नकार देतोच.

सराव करायचा असेल तर एक पात्र सुचवतो: काश्यप. विष उतरवणारा वैद्य. परीक्षिताला वाचवायला निघालाय, धनाच्या आशेनेही. वाटेत तक्षक त्याची परीक्षा घेतो, दंशाने एक वड राख करतो. काश्यप तो पुन्हा हिरवा करून दाखवतो. म्हणजे तो राजाला वाचवू शकतो. मग तक्षक म्हणतो, राजा देईल त्याहून जास्त मी देतो, परत जा. काश्यप ध्यान लावतो, राजाचं आयुष्य तसंही संपलंय असं त्याला दिसतं, आणि तो धन घेऊन घरी वळतो.

घरी कुणीतरी विचारलं असेलच, इतक्या लवकर कसे आलात? तो काय म्हणाला, ते पान तुम्ही लिहा.