गर्दीने घडवलेला टोळ

टोळधाड येते कोठून आणि ओसरल्यावर जाते कोठे, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत कीटकशास्त्राजवळ नव्हते. आकाश झाकोळून टाकणारे थवे काही वर्षे धुमाकूळ घालीत आणि मग असे नाहीसे होत, की पुढे कित्येक वर्षे त्या रूपाचा टोळ शोधूनही सापडू नये. त्याच मुलखात एकटा राहणारा, माणसाची चाहूल लागताच गवतात दडणारा एक नाकतोडा मात्र आढळत असे. परंतु त्याचा रंग, बांधा आणि वागणूक इतकी निराळी होती, की त्याची गणना स्वतंत्र जातीत झाली होती. रशियन साम्राज्यात जन्मलेले आणि पुढे लंडनमध्ये स्थायिक झालेले कीटकशास्त्रज्ञ बोरिस उवारोव्ह यांनी १९२१ साली असे प्रतिपादन केले, की निदान ‘प्रवासी टोळ’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कीटकाच्या बाबतीत या दोन जाती नसून एकाच जातीच्या दोन अवस्था आहेत, आणि कोणती अवस्था प्रकट व्हावी हे सभोवतालची परिस्थिती ठरवते. वाळवंटी टोळालाही हाच नियम लागू पडतो, हे पुढे सिद्ध झाले. एकाच जनुकसंचातून परिस्थितीनुसार असे भिन्न रूप, भिन्न स्वभाव घडण्याच्या या प्रकाराला अवस्थाबहुरूपता म्हणतात.

वाळवंटी टोळाचे एकट्याने वाढलेले पिलू बहुधा हिरवे असते आणि झुडपाच्या रंगात मिसळून जाते. गर्दीत वाढलेल्या पिलाच्या अंगावर मात्र काळ्या आणि पिवळ्या रंगांचे ठळक पट्टे उमटतात, जणू लपण्याची गरजच उरलेली नाही. पंख फुटल्यावर एकांडा टोळ भुरकट राहतो आणि रात्री उडतो. थव्यातला टोळ आधी गुलाबी आणि वयात आल्यावर पिवळाधमक होतो आणि दिवसाढवळ्या, वाऱ्याच्या दिशेने, एका दिवसात दीडशे किलोमीटरपर्यंत मजल मारू शकतो. पहिला आपल्या जातभाईला टाळतो, दुसरा त्याच्याकडे ओढला जातो. या सर्व भेदांच्या मुळाशी एका अक्षराचाही जनुकीय बदल नाही, ही बाब जीवशास्त्रज्ञांना आजही तितकीच विलक्षण वाटते.

हा पालट घडवणारी परिस्थिती म्हणजे दुष्काळ नव्हे, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे, कारण सामान्य समज नेमका उलटा आहे. सुरुवात पावसाने होते. मे आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये मेकुनू आणि लुबान या दोन चक्रीवादळांनी अरबस्तानातील रुब अल खाली या निर्मनुष्य वाळवंटात पाणी साचवले, ओल्या वाळूत अंडी घालायला जागा आणि उगवलेल्या हिरवळीत पिलांना खाद्य मिळाले, आणि कोणाच्या नजरेस न पडता टोळांच्या तीन पिढ्या तेथे वाढल्या. पुढे वाळू सुकू लागते, हिरवळ आक्रसत जाते, आणि एरवी एकमेकांपासून फटकून राहणारे टोळ उरलेल्या मोजक्या झुडपांवर नाइलाजाने एकत्र येतात. म्हणूनच टोळांची एकूण संख्या जेवढी महत्त्वाची, तेवढीच वनस्पतींची मांडणीही महत्त्वाची असते: तेवढेच टोळ आणि तेवढेच अन्न असले तरी झुडपे दूरवर विखुरलेली असतील तर पालट मंदावतो, आणि ती थोड्या जागी दाटीने असतील तर त्याला वेग येतो.

गर्दी झाली, हे टोळाच्या शरीराला कळते तरी कसे? त्याचे दोन मार्ग आहेत. इतर टोळ दिसणे आणि त्यांचा वास येणे या दोन्ही गोष्टी एकत्र घडल्या तर पालट सुरू होतो. पण नुसता स्पर्शही त्याला पुरतो. स्टीफन सिम्पसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकांड्या टोळांच्या शरीराच्या वेगवेगळ्या भागांवर बारीक कुंचला वारंवार फिरवून पाहिला, तेव्हा मागच्या पायाच्या मांडीची बाहेरची बाजू हाच एक भाग असा निघाला, की जेथे काही तास गुदगुल्या केल्यावर टोळ समूहप्रिय होऊ लागतो. दाटीवाटीत शेजाऱ्याचा धक्का लागतो तो बहुधा तेथेच. या स्पर्शाची वार्ता मांडीच्या चेतातंतूंवाटे छातीतील चेतापेशींच्या गुच्छांपर्यंत पोहोचते आणि तेथे सेरोटोनिन या रसायनाचे प्रमाण तात्पुरते वाढते. मायकेल अॅन्स्टी, स्टीफन रॉजर्स, स्विडबर्ट ऑट आणि इतरांनी २००९ साली दाखवून दिले, की या रसायनाची क्रिया रोखली तर गर्दीत ठेवूनही टोळ एकलकोंडाच राहतो, आणि ते बाहेरून दिले तर एकट्या टोळालाही सोबतीची ओढ लागते. एकाकी टोळाचे वर्तन गर्दीत अवघ्या दोन तासांत बदलू शकते.

वर्तन तासांत बदलते. रंग बदलायला कात टाकावी लागते. आणि शरीराची ठेवण पुरती बदलायला पिढ्या जातात. गर्दीत राहिलेली मादी संख्येने कमी पण आकाराने मोठी अंडी घालते आणि त्यांतून निघणारी पिले जन्मतःच समूहावस्थेकडे झुकलेली असतात, म्हणजे आईने सोसलेली दाटी पिलाच्या अंगी उतरते. हा वारसा अंड्यांभोवतीच्या फेसातील द्रव्यातून मिळतो की अंडे तयार होतानाच ठरून जातो, यावर संशोधकांत बराच वाद झाला आहे. मेंदूच्या वाढीविषयी मात्र मोजमापे स्पष्ट आहेत. थव्यातील टोळ एकांड्यापेक्षा अंगाने लहान असूनही त्याचा मेंदू सुमारे तीस टक्क्यांनी मोठा असतो. त्यातही दृष्टीचे आणि गंधाचे प्राथमिक भाग प्रमाणाने लहान, तर निरनिराळ्या संवेदनांची सांगड घालणारे भाग मोठे असतात. असंख्य शेजाऱ्यांच्या हालचालींतून वाट काढणाऱ्या प्राण्याला अशा मेंदूची गरज भासावी, हा तर्क पटण्याजोगा आहे.

शिकण्याच्या बाबतीत तर हा कीटक अधिकच चकित करतो. खुरासानी ओव्याच्या गोतातील काही वाळवंटी झुडपांत हायोसायमिन हे विषारी द्रव्य असते. एकांडा टोळ अशा वनस्पतीच्या वासाचा संबंध नंतर होणाऱ्या त्रासाशी जोडतो आणि ती टाळायला शिकतो. समूहावस्थेतील टोळ तीच वनस्पती खातो, कारण पोटात विष असलेला टोळ भक्षकाला नकोसा होतो आणि अंगावरचे भडक पट्टे ही त्या विषाची जाहीर सूचना ठरते. मग आयुष्याच्या मध्यावर गर्दीत सापडलेल्या टोळाने पूर्वी गिरवलेल्या धड्याचे काय करावे? पॅट्रिसिओ सिमोइश, जेरेमी निव्हन आणि स्विडबर्ट ऑट यांच्या २०१३ मधील प्रयोगांतून मिळालेले उत्तर मार्मिक आहे: पालटाच्या काळात जुनी अप्रिय आठवण पुसली जात नाही, पण विषाच्या परिणामावरून नवी अप्रिय आठवण तयार होणे थांबते, त्यामुळे भुकेने तीच वनस्पती पुन्हा तोंडी लावली गेली, की तिच्यातील पोषणाचीच नोंद होते आणि नावडीची जागा आवड घेते. म्हणजे परिस्थितीने केवळ काय शिकावे एवढेच ठरवले नाही, तर कोणत्या प्रकारचे शिकणे शक्य आहे, हेही ठरवले.

थव्याची शिस्त पाहून त्यात एकोप्याचे दर्शन घेण्याचा मोह अनेकांना होतो. तो आवरलेला बरा. पिलांच्या तांड्यात जो मागे रेंगाळतो त्याचे पोट मागून येणारा कुरतडू लागतो, कारण प्रथिने आणि क्षार यांचा तुटवडा असताना शेजारी हेच हाताशी असलेले उत्तम अन्न असते. सेपीदेह बजाझी आणि सहकाऱ्यांनी २००८ साली काही पिलांच्या पोटाकडील संवेदना वाहून नेणारा चेतातंतू छेदला, तेव्हा मागून होणारा हल्ला न जाणवल्यामुळे ती कमी चालू लागली आणि जास्त प्रमाणात खाल्लीही गेली. पुढच्याला गाठायचे आणि मागच्याला चुकवायचे, या दुहेरी रेट्यातून तो संचलनाचा देखावा उभा राहतो. अशा निष्कर्षांवरून माणसांच्या जमावाविषयी घाईने बोलणारे लेखक थोडे नाहीत. पण मांडीवरच्या स्पर्शाने ठरणारी टोळाची समूहनिष्ठा आणि भाषा, स्मृती, संस्था यांनी घडणारी माणसाची समूहओळख यांत अंतर फार मोठे आहे.

२०१८ मध्ये अरबस्तानात सुरू झालेली साखळी मे २०२० मध्ये महाराष्ट्रापर्यंत आली. राजस्थानात टोळ एरवी पावसाळ्याच्या सुमारास येतात. त्या वर्षी ते उन्हाळ्यातच आले, शेतात पीक नव्हते, आणि हिरव्या पाल्याच्या शोधात थवे पूर्वेकडे सरकत मध्य प्रदेशमार्गे अमरावती, वर्धा, नागपूर, भंडारा या जिल्ह्यांत उतरले. थाळ्या-डबे बडवून आणि धूर करून शेतकऱ्यांनी ते हुसकले, पण हुसकलेला थवा फार तर शेजारच्या शिवारात जाऊन बसतो. खरा उपाय रात्रीचा, कारण समूहावस्थेतील टोळ अंधार पडताच झाडांवर विसावतो आणि पहाटेपर्यंत हलत नाही. अग्निशमन दलाचे बंब घेऊन फवारणी झाली ती याच वेळेत. एक चौरस किलोमीटरच्या थव्यात चार ते आठ कोटी टोळ असू शकतात आणि असा लहानसा थवाही एका दिवसात सुमारे पस्तीस हजार माणसांच्या आहाराएवढे अन्न फस्त करतो, असे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचे गणित आहे.

सेरोटोनिनची क्रिया रोखणारे औषध फवारून थवे मोडावेत, ही कल्पना २००९ नंतर बरीच चर्चिली गेली, पण तेच रसायन माणसासह असंख्य प्राण्यांच्या चेतासंस्थेत काम करीत असल्याने ती शेतात उतरणे कठीण आहे. मेटारायझियम या बुरशीपासून बनवलेले जैविक कीटकनाशक तुलनेने निर्धोक आहे, मात्र त्याचा परिणाम दिसायला काही दिवस लागतात, त्यामुळे ते उडत्या थव्यापेक्षा चालत्या पिलांवर अधिक उपयोगी पडते. भारतात १९३९ पासून टोळ-इशारा संघटना हे काम पाहते आणि तिची मुख्य ठाणी आजही जोधपूर, बिकानेर, जैसलमेर या वाळवंटी टापूत आहेत. तेथील पाहणीपथके पावसानंतर उगवलेल्या झुडपांतून फिरतात, टोळांची संख्या मोजतात आणि त्यांचा रंगही टिपून ठेवतात, कारण हिरव्या पिलांच्या अंगावर काळे डाग दिसू लागले तर फवारणी करण्यासाठी हाती उरलेले दिवस थोडे असतात.