पुन्हा एकदा, पहिल्यापासून!

"अरे, हे कालच केलंस ना? आज परत तेच?"

हा प्रश्न माझ्या रूम पार्टनरचा. होस्टेलच्या फरशीवर सतरंजी टाकून, गुडघे वाकवून मी उताणा पडलो होतो आणि दोन्ही हात वरखाली हलवत होतो. बघणाऱ्याला वाटावं, पोरगं सबमिशनच्या टेन्शनने कामातून गेलं!

त्याचं काय झालं, थर्ड इयरला दिवसभर लेक्चर्स आणि रात्री कॉम्प्युटर, यात पाठ बरेच दिवस कुरकुरत होती. मी दुर्लक्ष केलं. एके सकाळी पाण्याचा जार उचलायला वाकलो आणि कमरेत अशी उसण भरली की सरळच होता येईना. दोन दिवस आडवा. एक प्रॅक्टिकल बुडालं. आईचा फोन आला तेव्हा "मजेत आहे गं" म्हणून ठोकून दिलं. पण खरी भीती वेगळीच होती. परीक्षा साडेतीन महिन्यांवर आलेली आणि मला अर्धा तास बसवत नव्हतं. तीन तासांचा पेपर लिहिणार कसा?

डॉक्टरांनी तपासून फिजिओथेरपीला पाठवलं. तिथल्या मॅडमनी पिलाटीजमधले पाच सोपे व्यायामप्रकार शिकवले आणि बजावलं, "आठवड्यातून चार-पाच दिवस हेच करायचं. मला न विचारता बदलायचं नाही."

मी इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, सांगितलेलं ऐकेन कसा? चार दिवसांत कंटाळा आला. मग इंटरनेटवरचे व्हिडिओ पाहून रोज नवा प्रकार. तीन आठवड्यांनी पाठ जिथल्या तिथे, उलट एका भारी वाटणाऱ्या प्रकाराने दुखणं वाढलं. मॅडमकडे गेलो, तर त्यांनी एकच विचारलं, "लॅबमध्ये एका वेळी किती पॅरामीटर बदलतोस?"

"एकच."

"मग इथे रोज सगळेच का बदलतोस?"

निरुत्तर! त्या दिवसापासून तेच पाच प्रकार सुरू केले आणि या पिलाटीजचं मूळही शोधलं.

मित्रांनो, पिलाटीज हे एका माणसाचं आडनाव आहे. जोसेफ पिलाटीज १८८३ साली जर्मनीत जन्मला. पहिल्या महायुद्धात तो इंग्लंडमध्ये होता. जर्मन नागरिक म्हणून त्याला नजरकैदेत ठेवलं गेलं आणि तिथेही त्याचे व्यायामाचे प्रयोग चालू राहिले. १९२६ च्या सुमारास तो न्यूयॉर्कला गेला आणि तिथे त्याने आपला स्टुडिओ काढला. आपल्या पद्धतीला तो 'कॉन्ट्रॉलॉजी' म्हणायचा, म्हणजे शरीरावर मनाचा ताबा. १९४५ साली आलेल्या त्याच्या पुस्तकात चटईवर करायचे ३४ प्रकार आहेत.

यातली गंमत बघा. बहुतेक प्रकारांची आवर्तनं अगदी थोडी, तीन ते दहाच्या आसपास. 'हंड्रेड' या प्रकारात हात शंभर वेळा हलवायचे असतात. पाच हलवण्यांत श्वास आत, पाचांत बाहेर, अशा दहा फेऱ्या. पण नवख्याने वीसपासून सुरुवात करून पाच-पाचने वाढवत जायचं आणि शंभराच्या पुढे जायचंच नाही! वेळापत्रक मात्र आठवड्यातून चार दिवस, तीन महिने, न चुकता. थोडक्यात, एका दिवसात आकडा फुगवायचा नाही, दिवसांची संख्या वाढवायची.

असं का? मला कळलं ते तुमच्याच भाषेत सांगतो.

पहिलं कारण मज्जासंस्थेचं. व्यायाम सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत ताकद वाढल्यासारखी वाटते, ती मुख्यतः स्नायू जाड झाल्यामुळे नसते. हार्डवेअर तेच असतं, प्रोग्राम सुधारतो. कोणते स्नायू कधी आणि किती आवळायचे, कोणते सैल सोडायचे, हे मेंदू पुन्हा पुन्हा करूनच शिकतो. सायकल शिकताना आधी हँडलकडे लक्ष द्यावं लागतं, मग ते आपोआप होतं, तसंच. मी रोज नवा प्रकार करायचो म्हणजे रोज अर्धवट प्रोग्राम लिहून फाइल बंद करत होतो.

दुसरं कारण मोजमापाचं. रोज तीच कृती असली की फरक दिसतो. मी जर्नलसारखी एक वही केली. पाठीवर झोपून कंबर वर उचलायच्या 'ब्रिज'मध्ये माझा भार उजव्या पायावर जातो, हे कळायला दोन आठवडे लागले. कंबर उचलताना मी दर वेळी श्वास रोखतो, हे चौथ्या आठवड्यात कळलं. जार उचलतानाही मी हेच करत असणार! रोज नवा व्यायाम केला असता तर या चुका कधीच सापडल्या नसत्या.

पण एक इशारा. मेंदू बरोबर-चूक बघत नाही, जे वारंवार कराल ते पक्कं करतो. बगही तितक्याच इमानाने कंपाइल होतो! म्हणून पार्टनरशी गप्पा मारत केलेल्या वीस आवर्तनांपेक्षा लक्ष देऊन केलेली पाच बरी.

आता मेकॅनिकलवाले म्हणतील, वारंवार ताण दिला तर फटिग येऊन लोखंडसुद्धा तुटतं, त्याचं काय? शंका रास्त आहे. पण लोखंडाला पडलेली बारीक भेग आपली आपण भरत नाही. जिवंत हाड आणि स्नायू झेपेल इतक्या ताणानंतर विश्रांती मिळाली तर स्वतःची डागडुजी करतात आणि थोडे मजबूत होतात. म्हणूनच आठवड्यातले सुट्टीचे दिवसही हिशोबातच असतात. आणि शरीर सरावलं की तोच व्यायाम पुढे सोपा पडतो. तेव्हा मात्र थोडा अवघड करायचा, पण एका वेळी एकच बदल!

मध्ये गणपतीला घरी गेलो आणि नऊ दिवस खंड पडला. वाटलं, सगळं पाण्यात. परत येऊन सतरंजी टाकली तर दम लवकर लागला, पण श्वासाचा ताल आणि पाठीची ठेवण शरीराच्या लक्षात होती. एक दिवस चुकला म्हणून संपलं असं नसतं, दुसऱ्या दिवशी पुन्हा सतरंजी टाकायची.

परीक्षेत पहिला पेपर तीन तास बसून लिहिला. शेवटच्या अर्ध्या तासात पाठ दुखली, खोटं कशाला सांगू? पण तो त्रास ओळखीचा होता. दोन्ही पाय जमिनीवर टेकवले, श्वास सोडला, पाठ सरळ केली आणि शेवटचा प्रश्न पूर्ण केला. घरी गेल्यावर आईला सगळं खरं सांगितलं. आधी बोलणी खाल्ली. मग ती म्हणाली, "माझीही कंबर धरते रे, मला दाखव बरं ते."

पण तिला आधी डॉक्टरांकडे नेलं. तुमचंही काही दुखत असेल तर आधी तपासून घ्या, माझे पाच प्रकार ढापू नका. ती काही असाइनमेंट नाही!

आणि हो, माझा पार्टनर आता शेजारी स्वतःची सतरंजी टाकतो. काल तोच विचारत होता, "आज परत तेच ना?"

म्हटलं, "हो, पुन्हा एकदा, पहिल्यापासून!"