नमुन्याप्रमाणे माल, नियमाप्रमाणे खेळ

चेंडू रेषेच्या आत पडला की बाहेर, याचा निर्णय ज्याच्या बाजूला तो पडला त्या खेळाडूनेच द्यावा; आणि मनात किंचितही संशय असेल, तर त्याचा लाभ प्रतिस्पर्ध्यास द्यावा. पिकलबॉल या खेळाच्या नियमांत हे कलम फार पूर्वीपासून आहे. स्वतःविरुद्ध निर्णय स्वतःच्याच तोंडाने देण्याची अपेक्षा करणारे खेळ जगात थोडेच असतील. व्यापारी घरांत वाढलेल्या आपल्या वाचकांना मात्र या कलमाचे नवल वाटू नये. तागडी ज्याच्या हातात, त्याने झुकते माप गिऱ्हाईकाच्या पारड्यात टाकावे, हे आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. परंतु पेढी वाढली, माल परगावी जाऊ लागला, की केवळ शब्दावर व्यवहार निभत नाही. लेखी करार, मुद्रांकित वजने आणि तटस्थ तपासनीस आवश्यक होतात. आज अमेरिकेतील व्यावसायिक पिकलबॉल नेमक्या याच वळणावर उभा आहे.

या खेळाचा जन्म घरगुती आहे. 1965 च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील बेनब्रिज बेटावर जोएल प्रिचर्ड आणि त्यांचे मित्र बिल बेल यांनी सुटीत कंटाळलेल्या मुलाबाळांसाठी तो रचला. अंगणात बॅडमिंटनचे जुने कोर्ट होते, हाताशी टेबल टेनिसची पॅडल्स होती आणि प्लास्टिकचा छिद्रांचा चेंडू मिळाला. पुढे बार्नी मॅकॅलम हे तिसरे मित्र येऊन मिळाले. आरंभी 60 इंच उंच असलेली जाळी खेळता खेळता 36 इंचांवर आली. आजोबांपासून नातवापर्यंत सर्वांना एकत्र खेळता यावे, एवढाच हेतू होता. 44 फूट लांब व 20 फूट रुंद कोर्ट, जाळीलगत दोन्ही बाजूंस सात सात फुटांचा पट्टा, आणि त्या पट्ट्यात उभे राहून चेंडू हवेतच मारण्यास मनाई. या पट्ट्यास खेळाडू ‘किचन’ म्हणतात. उंच व बलवान खेळाडूने जाळीशी उभे राहून दुर्बलास चिरडू नये, अशी ही व्यवस्था. 1984 मध्ये पहिली नियमपुस्तिका निघाली, तोवर खेळ बराचसा समजुतीवरच चालला होता.

पुढे पैसा आला. 2018 मध्ये ‘पीपीए टूर’ ही व्यावसायिक मालिका स्थापन झाली, 2021 मध्ये ‘मेजर लीग पिकलबॉल’ ही संघांची स्पर्धा आली आणि कालांतराने दोन्ही एकाच छत्राखाली आल्या. ॲना ली वॉटर्स ही मुलगी वयाच्या बाराव्या वर्षी आईबरोबर जोडी करून व्यावसायिक स्पर्धांत उतरली आणि पुढे महिलांत अग्रस्थानी पोहोचली. जो खेळ करमणूक होता, तो अनेकांची उपजीविका झाला. उपजीविकेचा प्रश्न आला की नियमातील प्रत्येक फट शोधली जाते, हा सर्व क्षेत्रांचा अनुभव आहे.

सर्व्हिसचेच उदाहरण पाहू. सर्व्हिस खालून, कमरेच्या खाली चेंडू मारून करावी, असा मूळ नियम. तिने केवळ खेळ सुरू व्हावा, गुण लुटला जाऊ नये, हा त्यामागील भाव. 2021 च्या सुमारास काही कुशल खेळाडूंनी चेंडू पॅडलवर घासून, तर काहींनी बोटांनी पिळून सोडण्याची कला साधली. असा चेंडू टप्पा पडताच विलक्षण वळे. कलमाच्या शब्दांत यास मनाई नव्हती, पण कलमाचा हेतू मोडत होता. 2022 च्या नियमांनी पॅडलचा आधार घेऊन दिलेली फिरकी बंद केली, तरी एका हाताच्या बोटांची मुभा ठेवली. खेळाडूंनी त्या मुभेतच पुढची वाट काढली. तेव्हा 2023 मध्ये हाताने दिलेली फिरकीही निषिद्ध ठरली. अर्धे दार उघडे ठेवले, तर वारा आत येतोच.

याहून कठीण प्रश्न पॅडलचा होता. जुनी लाकडी पॅडल्स जाऊन कार्बनच्या तंतूंची, आत मधमाशीच्या पोळ्यासारखी रचना असलेली पॅडल्स आली. काहींचे थर वापराने सुटू लागले आणि पृष्ठभाग चेंडूस अधिक जोराने उसळवू लागला. म्हणजे दुकानात घेताना पॅडल नियमात बसे, आणि काही महिन्यांनी तेच नियमाबाहेर जाई. 2024 मध्ये तर प्रसिद्ध उत्पादकाच्या काही पॅडल्सची मान्यता काढून घेण्यात आली. प्रमाणपत्रासाठी दिलेला नमुना आणि बाजारात आलेला माल एक नाही, असा आक्षेप होता. उत्पादकाने न्यायालयाचे दार ठोठावले. नमुन्याप्रमाणे माल हे व्यापाराचे पहिले वचन आहे, त्यामुळे या वादाचे मर्म आपल्याला वेगळे सांगावयास नको. त्यानंतर चेंडू पॅडलवरून किती वेगाने परततो हे यंत्राने मोजण्याची कसोटी आली, आणि स्पर्धास्थळीही पॅडल तपासले जाऊ लागले. व्यावसायिक खेळासाठी प्रमाणीकरण करणारी स्वतंत्र संस्थाही 2024 मध्ये उभी राहिली.

तिसरा वाद गुणांचा. पारंपरिक रीतीत सर्व्हिस करणाऱ्यालाच गुण मिळतो. 11 गुण आणि दोनाची आघाडी झाली की डाव संपतो. ही रीत रंगतदार, पण डाव कधी संपेल याचा भरवसा नाही. दूरचित्रवाणीला वेळेचा हिशेब हवा असतो. म्हणून संघस्पर्धेने प्रत्येक रॅलीस गुण देण्याची रीत स्वीकारली. बॅडमिंटननेही 2006 मध्ये हाच मार्ग धरला होता. जुन्या खेळाडूंचे म्हणणे असे, की मागे पडलेल्याला सावरण्याची जी संधी जुन्या रीतीत होती, ती यात आटते. दोन्ही बाजूंत तथ्य आहे, म्हणूनच हा वाद सहजी मिटत नाही.

आणि आता ते पहिले कलम. मोठ्या स्पर्धांत पंच आले, प्रमुख कोर्टांवर चित्रण पाहून निर्णयाचा पुनर्विचार मागण्याची सोय झाली. एका चेंडूवर मोठी रक्कम अवलंबून असेल, तेव्हा खेळाडूच्या सचोटीवर सारा भार टाकणे हे त्याच्यावरही अन्यायाचेच आहे. तपासणी म्हणजे अविश्वास नव्हे. दुकानातील काट्याची नियमित पडताळणी होते, त्याने प्रामाणिक दुकानदाराची पत घटत नाही. उलट खोटे माप ठेवणाऱ्याशी स्पर्धा करण्याच्या संकटातून तो सुटतो.

मात्र नियम बदलण्यालाही नियम हवा. बदलाचे कारण उघड सांगितले पाहिजे. तो भर हंगामात न येता पुरेशा अवधीने आला पाहिजे, कारण खेळाडूने त्या सर्व्हिसवर वर्षे घालवलेली असतात आणि दुकानदाराने त्या पॅडलचा साठा भरलेला असतो. आणि तो अव्वल खेळाडूस व नवोदितास सारखाच लागू झाला पाहिजे. कराचा दर एका रात्रीत बदलला की गोदामातील मालाचे काय करावे, हा घोर ज्याने अनुभवला आहे, त्याला अवधीचे मोल ठाऊक असते. बदल योग्य असूनही तो घाईने लादला, तर त्यातील न्याय लोकांना दिसत नाही.

हा विषय आता सातासमुद्रापलीकडचा राहिलेला नाही. मुंबईचे सुनील वालावलकर यांनी हा खेळ भारतात आणला. 2025 च्या आरंभी मुंबईतच सहा संघांची ‘वर्ल्ड पिकलबॉल लीग’ भरली. आपल्या शहरांतूनही कोर्टे उभी राहत आहेत, कोणी त्यांत भांडवल घालत आहे, कोणी पॅडल्स विकत आहे आणि संध्याकाळी दुकान बंद झाल्यावर तीन पिढ्या एका जाळीच्या दोन बाजूंना उभ्या राहत आहेत. मुलासाठी महाग पॅडल घेण्यापूर्वी ते मान्यताप्राप्त यादीत आहे का, हे पाहून घ्यावे. आणि विकणाऱ्याने ते न विचारताच सांगावे.

घरच्या कोर्टवर पंच नसतो, चित्रणही नसते. तेथे ते जुने कलमच चालते. नातवाने मारलेला चेंडू रेषेला लागला की नाही हे नीट दिसले नाही, तर आजोबांनी ‘आत’ म्हणावे. पुढे कधी तो नातू पंचांच्या आणि कॅमेऱ्यांच्या देखत खेळला, तर तेथेही त्याच्या तोंडून खरा निर्णय आधी निघेल.