एका तबकडीचा इतिहास

‘‘आजोबा, हे एकदा ऐकाच,’’ असे म्हणून आमच्या पुतण्याच्या मुलाने दिवाळीच्या सुटीत एक इंग्रजी तबकडी यंत्रावर चढविली. प्रस्तुत लेखकाचे आयुष्य शाळेत संस्कृत शिकविण्यात गेले. कानांना सवय कीर्तनाची आणि नाट्यपदांची. त्यामुळे पहिली दोन गाणी होईपर्यंत मी केवळ मुलाचा हिरमोड होऊ नये म्हणून बसून राहिलो, हे कबूल केले पाहिजे. परंतु तबकडीबरोबर त्याने एक जाडजूड ग्रंथही आणला होता. तो सहज चाळावयास घेतला आणि त्या रात्री दिवा मालवावयास बारा वाजले. गाण्यांची स्तुतिस्तोत्रे त्यात फारशी नव्हती. कोणत्या दिवशी, कोणत्या दालनात, कोणी कोणते वाद्य वाजविले, याची ती तिथीवार नोंद होती. पोथ्यांचे पाठभेद लावणाऱ्या पंडितांची कसोशी येथे रॉक संगीताच्या कामी आलेली पाहून मला मोठे नवल वाटले. त्या नवलाचे कारण वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

तबकडीचे नाव ‘सार्जंट पेपर्स लोन्ली हार्ट्स क्लब बँड’. लिव्हरपूल शहरातील जॉन लेनन, पॉल मकार्टनी, जॉर्ज हॅरिसन आणि रिंगो स्टार या चौघा तरुणांचा ‘बीटल्स’ नामक संच जगप्रसिद्ध आहे; त्यांचीच ही १९६७ सालची कृती. लंडनमध्ये अ‍ॅबे रोडवर ई. एम. आय. कंपनीचे ध्वनिमुद्रणगृह होते, तेथे ती तयार झाली. १९६३ साली याच चौघांनी आपल्या पहिल्या मोठ्या तबकडीतील दहा गाणी ११ फेब्रुवारी या एकाच दिवसात मुद्रित केली होती. या तबकडीच्या कामास मात्र २४ नोव्हेंबर १९६६ रोजी प्रारंभ झाला आणि २१ एप्रिल १९६७ पर्यंत ते चालले. १९६६ च्या ऑगस्टअखेर त्यांनी जाहीर दौरे थांबविले होते. अर्थात जे मुद्रित करावयाचे ते रंगमंचावर जसेच्या तसे वाजविता आले पाहिजे, हे बंधन उरले नव्हते.

मुद्रणाची रीत समजून घेतल्यावाचून पुढील संशोधनाचे मर्म कळणार नाही. त्या वेळच्या फीतयंत्रावर चार समांतर पट्ट्या असत. चारही भरल्या की त्यांचे मिश्रण करून ते दुसऱ्या फितीच्या एक-दोन पट्ट्यांवर उतरवीत आणि मोकळ्या झालेल्या पट्ट्यांवर नवे आवाज चढवीत. दुधात विरघळलेली साखर जशी पुन्हा वेगळी काढता येत नाही, तसे एकदा मिसळलेले आवाज त्या फितीवरून निराळे करता येत नसत. सुदैवाने मिश्रणापूर्वीच्या मूळ फितीही कंपनीने जपून ठेवल्या. त्यामुळेच २०१७ साली, मूळ निर्माते जॉर्ज मार्टिन यांचे पुत्र जाइल्स मार्टिन यांना त्या पहिल्या फितींवरून सबंध तबकडीचे मिश्रण नव्याने करता आले.

मी वाचला तो ग्रंथ मार्क लुइसन या संशोधकाचा. तो १९८८ साली प्रसिद्ध झाला. कंपनीने आपले भांडार त्यांना खुले केले. त्यांनी फिती ऐकल्या, कागदपत्रे पाहिली आणि दिवसामागून दिवस लावीत सर्व हकीकत जुळविली. या कामी साक्षी तीन प्रकारच्या: फीत, कागद आणि माणसाची आठवण. इतिहासाचा कोणताही विद्यार्थी सांगेल की, यांपैकी तिसरी साक्ष सर्वांत गोड आणि सर्वांत फसवी.

याचे उत्तम उदाहरण तबकडीच्या जन्मकथेतच आहे. नोव्हेंबर १९६६ मध्ये नैरोबीहून विमानाने परतताना मकार्टनी यांना एका काल्पनिक बँडची कल्पना सुचली, आणि त्या कल्पनेवर सबंध तबकडी रचली गेली, अशी कथा सर्वत्र सांगितली जाते. कल्पना सुचली हे खरेच. परंतु तिथ्या काय सांगतात? त्या बँडच्या नावाचे गाणे मुद्रणास घेतले १ फेब्रुवारी १९६७ रोजी. तत्पूर्वी दोन महिन्यांहून अधिक काळ काम चालू होते. अखेरचे भव्य गाणे ‘अ डे इन द लाइफ’ १९ जानेवारीसच हाती घेतले गेले होते. म्हणजे घर निम्मे उभे राहिल्यावर त्यास नाव मिळाले. माझ्या गाण्यांचा त्या कल्पनेशी संबंध नव्हता, असे पुढे लेनन यांनीही सांगितले. आठवण अगदीच खोटी ठरली नाही. तिला तिची जागा तेवढी नेमून मिळाली.

दुसरे उदाहरण अधिक मनोरंजक आहे. लेनन यांनी ३१ जानेवारी १९६७ रोजी केंट परगण्यातील सेव्हनओक्स गावी जुन्या वस्तूंच्या दुकानातून सर्कशीचे एक जाहिरातपत्रक विकत घेतले. पाब्लो फँक यांच्या सर्कशीचा रॉचडेल येथे १४ फेब्रुवारी १८४३ रोजी व्हावयाचा खेळ, असा त्यावर मजकूर होता. त्यातील नावे आणि शब्द उचलून लेनन यांनी ‘मिस्टर काइट’ यांचे गाणे रचले. आता पत्रक आणि गाणे शेजारी ठेवून पाहावे. पत्रकातील घोडा ‘झँथस’, गाण्यातील ‘हेन्री’. पत्रकातील गाव रॉचडेल, गाण्यातील ठिकाण बिशप्सगेट. ऐकणाऱ्यास गाण्यातच गोडी वाटेल. परंतु कवीने मूळ सामग्रीस कोठे आणि कसा हात लावला, हे पत्रक हाती आल्यावाचून कळत नाही.

आणि पाठभेदही आहेत! एकाच तबकडीची दोन मिश्रणे झाली: एक जुन्या, एका ध्वनिवर्धकाच्या यंत्रासाठी आणि दुसरे दोन ध्वनिवर्धकांच्या नव्या यंत्रासाठी. पहिल्यावर सर्वांनी मन लावून श्रम घेतले. दुसरे त्या मानाने झटपट उरकले. घर सोडून गेलेल्या मुलीचे जे गाणे आहे, ते पहिल्या मिश्रणात अधिक द्रुत व चढ्या पट्टीत आहे, तर दुसऱ्यात संथ. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ ते १९६६ या काळात सिद्ध केली, तेव्हा उत्तरेकडील आणि दक्षिणेकडील परंपरांचे पाठ पंडितांनी असेच समोरासमोर ठेवले होते. महाभारताची थोरवी या गाण्यांस आहे, असे माझे म्हणणे नाही. शोधाची रीत मात्र एकच आहे.

आता ज्या एका गोष्टीने माझे मन विशेष ओढून घेतले, ती सांगतो. या तबकडीवर हॅरिसन यांचे ‘विदिन यू विदाउट यू’ नावाचे गाणे आहे. ते सप्टेंबर १९६६ मध्ये मुंबईस येऊन रविशंकर यांच्यापाशी सतार शिकले होते. १५ मार्च १९६७ रोजी या गाण्याचा पाया मुद्रित झाला, त्या वेळी बीटल्सपैकी ते एकटेच वाजवावयास होते; साथीला होते लंडनमधील भारतीय वादक. आयन अंगडी आणि त्यांच्या पत्नी पॅट्रिशिया यांनी १९४६ साली लंडनमध्ये स्थापिलेल्या ‘एशियन म्युझिक सर्कल’ या संस्थेमार्फत ते आले होते. खमाज थाटाची छाया, तबल्यावर त्रिताल, मधल्या वाद्यांच्या भागात झपताल, आणि दिलरुब्याची मींड. पुढे ३ एप्रिल रोजी आठ व्हायोलिने आणि तीन चेलो यांची जोड दिली, तेव्हा ती मींड पाश्चात्त्य वादकांच्या गजातून कशी उतरवावी, यासाठी जॉर्ज मार्टिन यांनी मोठे श्रम घेतले.

तबकडीच्या वेष्टनावर हॅरिसन यांच्या इच्छेने योगानंदादी चार भारतीय योगी पुरुषांची चित्रे झळकली. महात्मा गांधींचे चित्र भारतीय ग्राहकांचा रोष होईल या भयाने कंपनीने काढविले. मात्र गाण्यात प्रत्यक्ष वाजविणाऱ्या भारतीयांची नावे वेष्टनावर कोठेच नव्हती. कोट्यवधी लोकांनी ज्यांचा दिलरुबा ऐकला, ते कित्येक वर्षे पुस्तकांतून केवळ ‘भारतीय वादक’ म्हणून वावरले. तबकडीस ५० वर्षे झाली त्या २०१७ साली त्यांची नावे पुढे आली: दिलरुब्यावर अण्णा जोशी आणि अमृत गज्जर, तंबोऱ्यावर बुद्धदेव कंसारा, तबल्यावर नटवर सोनी. हे वाचून मी पुतण्याच्या मुलास ते गाणे पुन्हा लावावयास सांगितले. या खेपेस मी शिष्टाचार म्हणून ऐकत नव्हतो.

गाणे संपल्यावर मी उठून माळ्यावरची पेटी काढविली. तीत आमच्या थोरल्या काकांच्या वेळची एक जुनी तबकडी आहे. काका तबला वाजवीत. मुंबईस जाऊन एका गवयाच्या साथीस ते बसले आणि तीच ही तबकडी, असे काकू सांगत. तबकडीवर गवयाचे नाव आहे, रागाचे आहे, कंपनीचा क्रमांक आहे. मुलाने ती उलटीसुलटी करून पाहिली आणि विचारले, ‘‘मग त्यांचं नाव कुठे आहे?’’

मजपाशी उत्तर नव्हते. काकूंना जाऊन वीस वर्षे झाली. त्या साली काका कोणाबरोबर गेले, दुसऱ्या बाजूसही तेच वाजवीत होते काय, तंबोऱ्यावर कोण होते, हे सर्व त्यांना विचारता आले असते. रोज सायंकाळी ओटीवर त्या आणि मी समोरासमोर बसत होतो. शाळेत मुलांकडून शकावल्या पाठ करून घेणाऱ्या या मास्तरास घरातील एक तिथी विचारून ठेवण्याची बुद्धी झाली नाही.

दुसऱ्या दिवशी एका कागदावर काकांचे पूर्ण नाव, वाद्य आणि तबकडीचा क्रमांक लिहिला, खाली ‘काकूंच्या तोंडून ऐकलेले, लेखी पुरावा नाही’ अशी नोंद केली आणि तो कागद तबकडीच्या पाकिटात घातला. पुढे कोणास फीत वा कागद सापडला, तर त्याने ही नोंद पक्की करावी अथवा खोडावी.

वाचकहो, आपल्या घरी जुनी तबकडी असेल, ध्वनिफीत असेल, लग्नकार्यातील छायाचित्र असेल. मध्ये बसलेल्याचे नाव सर्वांस ठाऊक असते. मागे तंबोरा धरून बसलेल्याचे एखाद्याच वृद्ध माणसास ठाऊक असते. ते माणूस आज घरात आहे तोवर त्यांस विचारावे आणि कोणी सांगितले तेही खाली लिहून ठेवावे.